हेडफोन अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायचा डबा आधी ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय: घरी बनवलेल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायसाठी डबा कसला घ्यावा

मी भोसरीत ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये काम करते. आमचं मुख्य काम पॅनलवाले आणि स्टॅबिलायझरवाले यांचं, पण अलीकडे सुटं गिऱ्हाईक पण यायला लागलंय, कॉलेजची मुलं, आयटीतले, एखादे रिटायर्ड काका, आणि बहुतेकांना एकच हवं असतं, १५-०-१५ चा (म्हणजे दोन बाजूंना १५-१५ व्होल्ट देणारा) ३० व्हीएचा (साधारण ३० वॅटच्या ताकदीचा) टोरॉइडल, म्हणजे कड्यासारखा गोल, ट्रान्सफॉर्मर, कशाला तर घरी हेडफोन अ‍ॅम्प बनवायचाय, म्हणजे हेडफोनला पुरेसा जोर देणारं छोटं सर्किट. ही मंडळी अभ्यास करून आलेली असतात. कोअर कुठला वापरता, वेढ्यांमध्ये टेप किती लेयर, स्क्रीन टाकून देणार का, सगळं विचारतात आणि मला ते मनापासून आवडतं. पण डबा कसला घेणार असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू, घरात असेल काहीतरी." हे ऐकून ऐकून शेवटी पत्र लिहायला बसले. तुमच्या पेपरात सुट्टीत घरी करून बघायच्या गोष्टी येतात, सर्किटंसुद्धा येतात, ती वाचणारी पोरंच पुढे आमच्याकडे येतात, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज सर्किटला लागेल तशी करून देणारा भाग, आणि त्याचा डबा म्हणजे सगळ्यात शेवटी करायचं सजावटीचं काम नाही हो. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये २३० व्होल्ट जिथे येतात ती ही एकच जागा, आणि पुढे जे काही आहे ते माणसाच्या कानाला लावायचं असतं. स्पीकर निदान लांब ठेवलेला असतो. हेडफोन डोक्यावर असतो, बँड बऱ्याचदा धातूचा, जॅकची बाहेरची बाजू सर्किटच्या शून्याला जोडलेली, आणि ते शून्य अ‍ॅम्पच्या बॉडीला. आता आत प्रायमरीची (ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूची) तार सुटून पत्र्याला टेकली आणि तो पत्रा अर्थ केलेला नसला तर फेज कुठपर्यंत पोचेल ते बघा. माणूस डोळे मिटून गाणं ऐकतोय, एक हात अ‍ॅम्पच्या बटणावर आणि पाय ओल्या फरशीवर. मला भीती घालायची नाहीये, पण हे चित्र डोळ्यासमोर ठेवूनच डबा निवडायला हवा असं माझं ठाम मत आहे.

मध्ये एक मुलगा "ताई, सप्लाय गुणगुणतोय, ट्रान्सफॉर्मर बदलून द्या" म्हणून सगळा डबाच घेऊन आला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, बाजूला खिळ्याने भोक पाडलेलं, त्या भोकाच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या आणि धारदार, त्यातून दोन वायरींची चपटी कॉर्ड आत घेतलेली. ओढली जाऊ नये म्हणून आत गाठ मारली होती. ज्या ठिकाणी कॉर्ड पत्र्यावर टेकत होती तिथे वरचं आवरण कापून आत तांबं चमकत होतं, आणखी थोडी हलली असती की डबा फेजला लागला असता. ट्रान्सफॉर्मर डबल साइड टेपने चिकटवलेला, मेनचे (२३० व्होल्टचे) जोड इन्सुलेशन टेपमध्ये, ती टेप उष्णतेने सुटून चिकट झालेली, फ्यूज नाही, अर्थची तार मुळातच नाही. त्याचा सर्किट बोर्ड मात्र इतका देखणा होता, एकेक सोल्डर जॉइंट चकचकीत. हाताला थोड्या मुंग्या येतात पण ते नॉर्मल ना, असं त्याने विचारलं. त्या मुंग्यांचं कारण असं की प्रायमरी आणि बाकीच्या धातूमध्ये थोडी कपॅसिटन्स असते, म्हणजे एकमेकांना न टेकताही एसी करंट थोडा पलीकडे जातो, डबा अर्थ नसला की त्यातून बारीकसा करंट हाताला जाणवतो. तो बारीक असतो हे खरं, पण डबा अधांतरी लटकतोय हे तो ओरडून सांगत असतो. मुलगा हुशार आहे, दोन दिवसात सगळं नीट करून आला. त्याला दोष देत नाहीये मी, त्याने वाचलेल्या एकाही लेखात डब्याबद्दल चार ओळी नव्हत्या.

ही पत्र्याच्या डब्याची आवड आली कुठून तेही सांगते. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी चू मॉय नावाच्या गृहस्थांनी एक छोटा हेडफोन अ‍ॅम्प लोकांसाठी खुला केला, तो सीमॉय म्हणूनच ओळखला जातो, आणि लोकांनी तो अल्टॉइड्सच्या पेपरमिंटच्या डबीत बसवायला सुरुवात केली. फोटो जगभर फिरले. डबी खिशात मावते, झाकण बिजागरीचं, दिसायला गोड. पण तो अ‍ॅम्प ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो! त्या डबीत मेन सप्लाय कधी आलाच नाही, म्हणून तिथे ती डबी योग्यच होती. आपल्याकडे फोटो पोचला, बॅटरीची गोष्ट मागे राहिली. २०११ मध्ये ओटू नावाचा अ‍ॅम्प आला, तोही खूप जणांनी बनवला, त्यात डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम बाहेरचा एसी अ‍ॅडाप्टर आणि आत दोन ९ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटऱ्या अशी व्यवस्था ठेवली, म्हणजे २३० व्होल्ट अ‍ॅम्पच्या डब्यात येतच नाहीत.

म्हणून पहिल्यांदा बनवणाऱ्याला मी माझा ट्रान्सफॉर्मर विकायच्या आधी हेच सांगते, की बाबा पहिला अ‍ॅम्प बॅटरीवर नाहीतर चांगल्या अ‍ॅडाप्टरवर कर. अ‍ॅडाप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) रजिस्ट्रेशनचा मार्क आणि आर ने सुरू होणारा नंबर बघून घे, रस्त्यावर ढिगात मिळणारा नको. मग डबा पेपरमिंटचा घे, लाकडाचा घे, प्लॅस्टिकचा घे, काही बिघडत नाही. एकदा हात बसला, कुठे काय तापतं ते कळलं, की मग मेनचा सप्लाय करायला घे. यात आमचं एक गिऱ्हाईक कमी होतं, होऊ दे.

आता ज्यांना मेनचाच लिनिअर (ट्रान्सफॉर्मर वापरून केलेला) सप्लाय करायचाय त्यांच्यासाठी. प्लॅस्टिकचा डबा चालेल का हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कंपनीचे प्लॅस्टिकचे अ‍ॅडाप्टर असतात ना मग आमचा का नको, असं विचारतात. कंपनीच्या अ‍ॅडाप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याचा अर्थ डबल इन्सुलेशन, म्हणजे एक इन्सुलेशन गेलं तरी दुसरं उभं आहे, आतली अंतरं मोजूनमापून ठेवलेली आहेत, प्लॅस्टिक आग न धरणारं आहे आणि हे सगळं टेस्ट झालंय. घरी आपल्याला हे सिद्ध करता येत नाही. जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा तर पेट घेतो, त्यात आपण बोर्ड बसवायला धातूचे स्क्रू आरपार घालतो, आत तार सुटून त्या स्क्रूला लागली की बाहेरचं डोकं जिवंत. धातूचा डबा, तीन पिनांची कॉर्ड आणि पक्का अर्थ, हा मार्ग घरी करता येण्यासारखा आहे आणि मीटरने तपासता येण्यासारखा आहे, म्हणून तो घ्यायचा.

धातू कुठला, तर इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. सगळ्यांना अ‍ॅल्युमिनियम हवं असतं, दिसायला छान, भोकं पाडायला सोपं, गंज नाही. अ‍ॅम्पसाठी जरूर घ्या. पण ट्रान्सफॉर्मर ज्या डब्यात जाणार तो मला साध्या लोखंडी पत्र्याचा बरा वाटतो, ज्याला बाजारात एमएस किंवा सीआरसीए पत्रा म्हणतात. ट्रान्सफॉर्मरभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते अ‍ॅल्युमिनियमला जुमानत नाही, त्या फ्रिक्वेन्सीला अ‍ॅल्युमिनियममध्ये जवळजवळ १२ मिलिमीटर आत गेल्यावर कुठे ते एक तृतीयांशाच्या आसपास येतं, आणि आपला पत्रा असतो दीड-दोन मिलिमीटरचा. लोखंड ते क्षेत्र स्वतःत ओढून घेतं, पूर्ण थांबवत नाही पण फरक पडतो. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला बहुतेक वेळा चुंबक चिकटत नाही, तेव्हा त्याचा या कामाला उपयोग नाही, शिवाय त्याचं झाकण नुसतं दाबून बसतं, पोराने सहज उघडलं की आत मेन. झाकण पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरनेच उघडेल असंच हवं.

पत्रा १८ गेजचा म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा घ्या. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा इतका पातळ असतो की त्यावर ट्रान्सफॉर्मर बसवला की तळ डळमळतो, आणि ट्रान्सफॉर्मर थरथरला की अख्खा डबा वाजतो, मग लोक म्हणतात ट्रान्सफॉर्मर खराब.

हमबद्दल, म्हणजे त्या गुणगुणीबद्दल, आणखी थोडं, कारण शेवटी हा सगळा खटाटोप ऐकण्यासाठी चाललाय. रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर) जी गुणगुण येते ती १०० हर्ट्झची. आता आपल्याकडचे किती तरी लोक हेडफोनवर शास्त्रीय ऐकतात, कुमारजी, किशोरीताई, जुनी रेकॉर्डिंग. गवयाचा सा काळी एकचा असेल तर खर्ज (खालच्या सप्तकातला सा) येतो ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि हे १०० हर्ट्झ पडतं बरोब्बर तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मधे, ना इकडचं ना तिकडचं. तानपुऱ्याच्या खाली अखंड एक बेसूर सूर लागून राहतो. स्पीकरवर तो लक्षातही येत नाही, हेडफोनवर मात्र शांत आलापात पिच्छा सोडत नाही. मी स्वतः असा सप्लाय ऐकलाय, पाच मिनिटांत डोकं जड होतं.

याच्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन डबे. एकात ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर, दुसऱ्यात अ‍ॅम्प, मधे मीटरभर केबल. ट्रान्सफॉर्मरपासून अंतर दुप्पट केलं की ते क्षेत्र आठव्या भागाच्या आसपास येतं, म्हणजे महागडं शील्डिंग करण्यापेक्षा सप्लाय टेबलाखाली ठेवणं कधीही स्वस्त आणि जास्त परिणामकारक. एकाच डब्यात बसवायचंच असेल तर डबा लांब घ्या, एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्पचा इनपुट, आणि नट घट्ट करायच्या आधी टोरॉइड हळूहळू गोल फिरवत हेडफोनवर ऐका, एका जागी हम कमी होतो, तिथे पक्का करा. हे फिरवताना हात मेनच्या जोडांपासून लांब आणि ते जोड आधी नीट झाकलेले असले पाहिजेत, आणि दर वेळी बंद करून मगच हात घातलात तर आणखी चांगलं.

दोन डब्यांच्या मधल्या केबलला चार तारा ठेवा, प्लस, मायनस, शून्य आणि चौथी अर्थची, म्हणजे अ‍ॅम्पचा धातूचा डबापण अर्थ होतो. कनेक्टर असा घ्या की जो घरात दुसऱ्या कशातच जाणार नाही. बाजारात एव्हिएशन कनेक्टर म्हणून गोल, चुडीचा, चार पिनांचा मिळतो तो चांगला. सप्लायच्या डब्यावर पिना बाहेर आलेला भाग लावू नका, तिथे भोकांचाच भाग हवा, नाहीतर केबल काढलेली असताना चालू सप्लायवर किल्ली पडली की शॉर्ट.

मापाच्या बाबतीत लोक नको तिथे काटकसर करतात. ३० व्हीएचा टोरॉइड साधारण ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ३५ च्या आसपास उंच, मग ४० मिलिमीटर उंचीचा सुबक डबा आणतात. आता टोरॉइड बसतो कसा, तर मधून एक बोल्ट, वर खोलगट प्लेट, खाली-वर रबरी वायसर. तो बोल्ट तळाला घट्ट असतो, आणि डबा कमी उंचीचा असला की झाकण लावल्यावर त्याचं वरचं टोक झाकणाला टेकतं. झालं, बोल्ट, झाकण, बाजूचा पत्रा, तळ मिळून कोअरभोवती एक पूर्ण वेढा तयार होतो, शॉर्ट झालेला वेढा. त्यात व्होल्टेज एक व्होल्टसुद्धा नसतं पण रेझिस्टन्स जवळपास शून्य, त्यामुळे करंट प्रचंड. फ्यूज बरोबर असला तर उडतो, नसला तर ट्रान्सफॉर्मर जळून काळा होऊन आमच्याकडे परत येतो. गंमत म्हणजे झाकण उघडून टेस्ट केली की सगळं ठीक चालतं, म्हणून कारण सापडतच नाही! बोल्टच्या टोकाच्या वर निदान १० मिलिमीटर मोकळं राहील असाच डबा घ्या, आणि झाकणाच्या आतून त्या जागी लेदरॉइडचा (वीज न वाहणाऱ्या जाड कागदाचा) तुकडा चिकटवा, आमच्यासारख्या कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे मागितला तर मिळेल.

फ्यूजचंही इथेच सांगते कारण फ्यूज होल्डरला डब्यात जागा ठेवावी लागते. ३० व्हीए म्हणजे २३० वर जेमतेम ०.१३ अँपिअर, पण टोरॉइड चालू करताना क्षणभर जास्त ओढतो, म्हणून २५० किंवा ३१५ मिलिअँपिअरचा स्लो ब्लो (क्षणभराच्या जास्त करंटला न उडणारा) लावा आणि तो फेजमध्येच लावा. फ्यूज सारखा उडतो म्हणून दोन-पाच अँपिअरचा घालतात, मग तो फ्यूज ट्रान्सफॉर्मरला वाचवत नाही.

उष्णता. १५ व्होल्टच्या सेकंडरीतून (ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या बाजूतून) कपॅसिटरवर २१ च्या आसपास मिळतात, लोड कमी असला आणि लाइट २५० पर्यंत चढली, जी आपल्याकडे रात्री चढते, की आणखी वर जातं. ते १२ वर आणायचं म्हणजे उरलेलं सगळं रेग्युलेटर (व्होल्टेज ठरलेल्या जागी धरून ठेवणारा भाग) उष्णता म्हणून टाकणार. दोनशे मिलिअँपिअरला प्रत्येक बाजूला दोन वॅटच्या आसपास, वर ट्रान्सफॉर्मरचं आणि रेक्टिफायरचं वेगळं. थोडंच वाटतं, पण बंद डब्यात ती जाणार कुठे? आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच ४२ वर असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा साधा हिशोब आहे, दर दहा अंश वाढले की आयुष्य जवळपास निम्मं. म्हणून १०५ डिग्रीचे कपॅसिटर घ्या आणि डब्याला तळाशी आणि वरच्या भागात दोन्हीकडे भोकं ठेवा, नुसती वर ठेवून हवा फिरत नाही, आणि खाली रबरी पाय लावा नाहीतर तळाची भोकं टेबलच बंद करतं. भोकं ३-४ मिलिमीटरची पुरे, पोराचं बोट आत जाता कामा नये.

डब्याच्या पत्र्यालाच रेग्युलेटर बोल्टने बसवला की पत्रा हीटसिंकचं काम करतो, ही चांगली युक्ती आहे, पण अभ्रकाचं किंवा सिलिकॉनचं वायसर आणि प्लॅस्टिकचा बुश घातल्याशिवाय नको. रेग्युलेटरांमध्ये एलएम ३१७ च्या मागच्या पत्रीला आउटपुट असतं, एलएम ३३७ ला इनपुट, ७८१५ ला शून्य आणि ७९१५ ला परत इनपुट. सगळे सारखे दिसतात म्हणून सारखेच बसवले की एक तरी डब्याला शॉर्ट होतोच.

आता अर्थ, आणि इथे कृपया सावकाश वाचा. कॉर्डमधली हिरवी-पिवळी तार आत आल्यावर सगळ्यात आधी डब्याला जायला हवी, बोर्डला नंतर. त्यासाठी वेगळा बोल्ट, एम ४ चा, जो ट्रान्सफॉर्मर किंवा बोर्ड बसवायला वापरलेला नाही असा. त्या जागचा रंग किंवा पावडर कोटिंग पॉलिश पेपरने किंवा कानशीने घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढा. तारेला रिंग लग क्रिंप करा, नुसती गुंडाळू नका. खाली दातेरी वायसर, वर नट, त्यावर दुसरा नट. अर्थची तार फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा म्हणजे कॉर्डला हिसका बसलाच तर ती शेवटी तुटेल. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात एक फसवणूक असते, अ‍ॅनोडाइझ केलेला थर वीज वाहूच देत नाही. पुढचं पॅनल, मागचं पॅनल, वरचं झाकण, खालचं चॅनल हे सगळे सुटे भाग स्क्रूने एकत्र दिसतात पण विजेच्या हिशोबाने वेगवेगळेच असू शकतात. मागच्या पॅनलला अर्थ दिला म्हणून पुढच्या पॅनलला, जिथे आपण जॅक लावतो, तिथे पोचला असं नाही. प्रत्येक भागाला घासून वेगळी तार द्या. मग कॉर्डच्या मोठ्या पिनेपासून डब्याच्या प्रत्येक उघड्या धातूपर्यंत मीटर लावून बघा, मीटरच्या वायरी एकमेकींना लावल्यावर जेवढं दाखवतो जवळपास तेवढंच दिसलं पाहिजे.

याच्या पुढची कडी म्हणजे भिंतीतला बोर्ड. जुन्या वाड्यांमध्ये, भाड्याच्या खोल्यांमध्ये तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डांमध्ये तर भोकं तीन आणि आत वायरी दोन. तिथे डबा कितीही छान केला तरी अर्थ नाही तो नाहीच. वायरमनला बोलवून तपासून घ्या, तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, ते घरातल्या फ्रिज-गीझरसाठीसुद्धा लागतंच.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच की खारी हवा लोखंडी पत्र्याला घासलेल्या जागी आधी खाते, आणि नेमकी तीच अर्थची जागा. घट्ट केल्यावर वरून थोडं वार्निश किंवा ग्रीस लावा, पावसाळ्यानंतर एकदा मीटरने बघा. आणि भोकांना आतून बारीक जाळी लावाच. पाल आणि मुंग्या उबेला आत जातात, पाल मेनच्या दोन टोकांवर आडवी पडली की ती जाते आणि सप्लायही जातो.

डबा मिळायचा कुठे? सगळ्यात स्वस्त आणि माझा आवडता पर्याय म्हणजे कॉम्प्युटरच्या मेलेल्या एसएमपीएसचं (आतल्या पॉवर सप्लायचं) खोकं. भंगारवाल्याकडे पडलेलं असतं. १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटर, लोखंडी पत्रा, हवेची भोकं तयार, कॉर्डचं तीन पिनांचं सॉकेट तयार, बहुतेकात स्विचही, अर्थची तार आतून पत्र्याला लावलेली. ३० व्हीएचा टोरॉइड आणि बोर्ड आरामात बसतो, उंचीही पुरते. फक्त त्यातला जुना माल स्वतः काढताना काळजी, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये कॉर्ड काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, म्हणून सवय नसेल तर रिपेअरवाल्याकडून रिकामं करून घ्या. त्या सॉकेटला फ्यूज नसतो, तो वेगळा लावा, आणि पंख्याच्या भोकावर जाळी तशीच ठेवा. जुन्या स्टॅबिलायझरची खोकीही चांगली. सीसीटीव्हीच्या सप्लायचे जाळीदार बॉक्स दिसायला बरे असतात पण त्यांच्या एका बाजूला स्क्रूची टर्मिनलं उघडी असतात आणि त्यातच २३० व्होल्टची टर्मिनलं, ती पूर्ण झाकता येत असतील तरच घ्या. नवीन हवं असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीचा भाग, तिथे अ‍ॅम्प्लिफायर कॅबिनेट म्हणून मागा. घेताना मापाचा ट्रान्सफॉर्मर खिशात घेऊन जा, दुकानातच आत ठेवून झाकण लावून बघा. भोकं पाडायला स्टेप ड्रिल वापरा, चौकोनी भोकाला कानस, आणि पत्र्याचा चुरा ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण काढल्यावरच बोर्ड आत जाऊ दे, एक बारीक तुकडा बोर्डाखाली राहिला तरी पुरतो. बोर्डखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब), आणि मेनचा कुठलाही जोड पत्र्यापासून निदान ८ मिलिमीटर लांब.

आमच्या आजूबाजूला भोसरीत, तिकडे नाशिकला अंबडला, कोल्हापूरला शिरोलीत लेझर कटिंग-बेंडिंगवाले आहेत, पत्र्याचे बॉक्स हे त्यांचं रोजचं काम. एक-दोन नगासाठी मशीन सेट करणं त्यांना परवडत नाही हे मला कळतं, आम्हालाही एक ट्रान्सफॉर्मर परवडत नाही तरी करतो. पण एखाद्याने १८ गेजचं एकच माप ठरवून, मागे सॉकेट आणि फ्यूजची भोकं, खाली-वर हवेची भोकं, अर्थच्या बोल्टजवळ कोटिंग न केलेली जागा, असे पन्नास-शंभर बॉक्स काढले तर ते जातील, याची मला खात्री आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टवालेच निम्मे उचलतील.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की तुमच्या पानावर मेनवर चालणारं कुठलंही सर्किट छापाल तेव्हा त्याच्याबरोबर डब्याची पण आकृती छापा, अर्थ कुठे, फ्यूज कुठे, ट्रान्सफॉर्मरच्या वर किती जागा. जागा कमी पडत असेल तर सर्किटची आकृती लहान करा, ती मुलं कुठूनही मिळवतात. आकृती काढायला कोणी नसेल तर मी आमच्या टेबलावर ठेवलेल्या डब्यावरून मापं घेऊन काढून पाठवेन, त्याचे पैसे नकोत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
भोसरी, पुणे